नकाशावरची करडी रेघ : शहर आखायला शिकणाऱ्यांना पाणी-माती कशी शिकवायची

मार्चमध्ये माझी भाची भोपाळहून चार दिवसांसाठी इंदूरला आली, पाठीला नकाशांचं लांब नळकांडं लटकवून. ती प्लॅनिंगच्या, म्हणजे नगररचनेच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्राच्या स्टुडिओसाठी, म्हणजे खऱ्या जागेची आखणी करायच्या विषयासाठी, तिच्या गटाला इंदूरचाच एक भाग मिळालाय, म्हणून मुक्काम मावशीकडे. जेवणं झाल्यावर तिनं टेबलावर शीट पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. घरं पिवळ्या रंगात, दुकानं निळ्या, शाळा-दवाखाने लाल, बगीचे हिरवे. या रंगांमधून एक बारीक करडी रेघ वळणं घेत गेली होती.

आईनं चष्मा लावला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. "ही आपली सरस्वती नदी ना गं?"

"नाही आजी, तो नाला आहे. बेस मॅपवर तसंच लिहिलंय."

"नाला कसा? कार्तिकात आम्ही हिच्यात दिवे सोडलेत."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्या रात्री आमचं बोलणं खूप लांबलं आणि नंतरही मनातून गेलं नाही. उद्याची शहरं आखणाऱ्या मुलांना विद्यापीठात पर्यावरण शिकवतात म्हणजे नेमकं काय शिकवतात, आणि काय शिकवायला हवं, हे मला जसं उमगलं तसं इथे मांडते आहे. प्लॅनिंगशी संबंध नसलेल्या वाचकालाही हे कळायला हवं, कारण या मुलांनी आखलेल्या रेघांच्या आत आपण सगळे राहणार आहोत.

आधी त्यांचं काम काय ते बघू. आर्किटेक्ट इमारत आखतो, प्लॅनर जमीन वाटतो. घरं कुठे, कारखाने कुठे, रस्ता किती रुंद, कोणत्या शेतात वस्ती होऊ द्यायची, कोणत्या तळ्याभोवती काहीच बांधू द्यायचं नाही, हे त्याच्या नकाशात ठरतं. मध्य प्रदेशात हे काम नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ या कायद्याखाली चालतं. इंदूरची २०२१पर्यंतची विकास योजना २००८मध्ये लागू झाली. अशा योजनेतली एकेक रेघ पंधरा-वीस वर्षं कायदा म्हणून उभी राहते. ती ओलांडून बांधलेलं घर अवैध, तिच्या आतलं घर वैध. मग ते घर पाण्याच्या वाटेत उभं असलं तरी वैधच. म्हणून नदीला नकाशावर नाला म्हटलं, तर चूक शब्दापुरती राहत नाही. नदीला काठ असतो, पूररेषा असते, तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते. नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करता येतं.

जाणीव म्हणजे नेमकं काय

'पर्यावरणाची जाणीव' हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यांत हवा भरल्यासारखी वाटते. पण १९७७मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात पर्यावरण शिक्षणावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्याच्या पाच पायऱ्या स्वच्छ मांडल्या गेल्या : जाणीव, माहिती, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग.

आपल्या सिरपूर तलावावर त्या घालून बघू. इथे तळं आहे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात आणि कडेनं वस्ती वाढते आहे, हे डोळ्यांना दिसलं की जाणीव झाली. तळ्यात पाणी कुठल्या उतारावरून येतं आणि सांडपाणी मिसळलं की त्याचं काय होतं, हे कळलं की माहिती. या तळ्याचं माझ्याशी काही नातं आहे, माझ्या आखणीत त्याला दुखवायचं नाही, असं आतून वाटणं ही वृत्ती. त्याचं पाणलोट क्षेत्र जमिनीचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या कंटूरच्या नकाशावरून अचूक काढता येणं, हे कौशल्य. आणि तिथल्या रहिवाशांबरोबर, कोळ्यांबरोबर, पालिकेच्या अभियंत्याबरोबर बसून एक मार्ग ठरवणं, हा सहभाग. होळकरांच्या काळात बांधलेलं हे तळं आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर, दोन्ही २०२२मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. जानेवारी २०२५मध्ये इंदूर आणि उदयपूर ही भारतातली पहिली मानांकित पाणथळ शहरं ठरली. त्या मानामागे लोकांचे बरेच कष्ट आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे.

आपलं उच्च शिक्षण मात्र या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून राहतं. १९९१मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा सामाईक पाठ्यक्रम तयार केला. निर्णय चांगलाच होता. त्यामुळे वाणिज्य शाखेच्या मुलालाही अन्नसाखळी आणि जैवविविधता हे शब्द भेटले. पण वाणिज्याच्या मुलाला जे पुरतं ते प्लॅनिंगच्या मुलाला कसं पुरेल? भाचीची पहिल्या वर्षाची वही मी पाहिली. परिसंस्थेची व्याख्या, ओझोनचा थर, आम्लपर्जन्य, सगळं सुवाच्य अक्षरात, आणि गुणही उत्तम. त्या वहीतलं एकही वाक्य टेबलावरच्या शीटमध्ये उतरलेलं नव्हतं. वही एका खोलीत शिकवली गेली होती आणि शीट दुसऱ्या खोलीत.

एका हेक्टरवरचा पाऊस

त्या रात्री आम्ही हिशोबाला बसलो. हा हिशोब कुणालाही जमेल, तुम्हीही करून बघा.

समजा एका दुपारी ५० मिलिमीटर पाऊस पडला. माळव्यात जुलै-ऑगस्टमध्ये असा पाऊस नवलाचा नाही. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर म्हणजे ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. ती जमीन शेताची असेल तर ढोबळमानानं तिसरा हिस्सा वाहून जातो, म्हणजे दीड लाख लिटरच्या आसपास. उरलेलं मुरतं, बांधाशी थांबतं, पिकाच्या मुळाशी राहतं. आता त्याच हेक्टरमध्ये कॉलनी कटली, आमच्याकडे असंच म्हणतात. छत, रस्ता आणि फरशीवरून जवळजवळ सगळं पाणी निघून जातं. थोडा बगीचा धरला तरी एकूण पाण्याचा सत्तर टक्के भाग बाहेर पडतो. साडेतीन लाख लिटर. दोहोंमधला फरक दोन लाख लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर, आणि तेही फक्त एका हेक्टरचे. वीस हेक्टरच्या वसाहतीतून एका दुपारी चारशे टँकर जास्तीचं पाणी खाली सोडलं जातं.

आणि ते नुसतं जास्त नसतं, लवकरही येतं. शेतातलं पाणी रेंगाळत, गवतातून वाट काढत ओढ्याला मिळतं. सिमेंटच्या गटारातून तेच पाणी धावत जातं. वरच्या दहा वसाहतींचं पाणी एकाच वेळी पोहोचलं की खालच्या वस्तीत गुडघाभर पाणी चढतं आणि लोक म्हणतात, यंदा पाऊस फार झाला. पाऊस फार झाला असेलही. पण वरच्या जमिनीचं प्यायचं तोंड आपण शिवून टाकलंय, हे त्या नकाशावर कुणी लिहिलेलं नसतं.

भाची म्हणाली, "मग प्रत्येक प्लॉटमध्ये शोषखड्डा सक्तीचा करायचा. आमच्या प्रपोजलमध्ये तेच आहे."

इथे माळव्याची माती मध्ये येते. आपलं पठार बेसाल्टच्या काळ्या खडकाचं आणि त्यावर काळी कसदार माती. 'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' ही म्हण इथल्या प्रत्येक घरात ऐकलेली असते. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि पहिला पाऊस त्या भेगांतून घटाघटा खाली जातो. पण भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि वरचं पाणी वरच राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये वीतभर रुंद, हातभर खोल खड्डा खणला. पहिली बादली ओतली, ती बघता बघता नाहीशी झाली. दुसरी थोडी रेंगाळली. दुपारी पाचवी ओतली ती संध्याकाळपर्यंत तशीच होती, पट्टी लावून मोजलं तर बोटभरच उतरली होती. मग पुढच्या गल्लीत एका घराच्या पायासाठी खणलेल्या जागी गेलो. तिथे काळी माती संपून मुरूम उघडा पडला होता. मालकाला विचारून तिथे बादली ओतली. आम्ही त्याच्याशी बोलत होतो तेवढ्यात पाणी गेलं.

त्या बादल्यांमध्ये तिला जे कळलं ते सहा महिन्यांच्या पेपरात कळलं नसतं. काळ्या मातीतच थांबलेला शोषखड्डा पावसाळ्यात डबकं होतो. तो खालच्या मुरमापर्यंत, भेगाळलेल्या खडकापर्यंत न्यावा लागतो, आणि आधी छतावरचं पाणी गाळून घ्यावं लागतं, नाहीतर गाळ बसून वर्षा-दोन वर्षांत तो बुजतो. पुस्तकातला नियम प्रत्येक गावाच्या मातीत उतरवून बघायचा असतो. प्लॅनरच्या शिक्षणात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

नळातल्या नर्मदेचं वजन

पाणी जातं कुठे ते झालं, आता येतं कुठून ते. आमच्याकडे नळ आला की 'नर्मदा आली' म्हणतात. १९७० साली शहरानं आंदोलन केलं आणि त्या दशकाच्या अखेरीस जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला पोहोचलं. अंतर सुमारे ७० किलोमीटर आणि चढण पाचशे मीटरहून जास्त, कारण नदी खाली निमाडात आणि आपण विंध्याच्या वर.

एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राच्या नियमानं सुमारे १.४ युनिट वीज लागते. पंपात काही वाया जाते ती धरली तर जवळपास दोन युनिट. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचं मान्य प्रमाण आहे. पाच जणांच्या घराला रोज ६७५ लिटर. म्हणजे आपल्या टाकीत पाणी पडण्याआधीच, आपल्या बिलात न दिसणारी रोजची १.३ युनिट वीज खर्च झालेली असते. एक छताचा पंखा सतरा तास चालेल एवढी. आणि वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून परत बाहेर पडतं. हजार घरांच्या वसाहतीतून रोज पाच लाख चाळीस हजार लिटर. ते शुद्ध झालं तर बगीच्यांना, बांधकामाला वापरता येतं. न झालं तर कान्ह नदीतून सांवेरकडे जातं आणि पुढे उज्जैनपाशी क्षिप्रेला मिळतं, जिथे लोक श्रद्धेनं डुबकी मारतात.

विद्यार्थ्यानं नकाशावर हजार घरांचा पिवळा चौकोन रंगवला की त्यासोबत हे तिन्ही आकडे आपोआप रंगवले जातात : जास्तीचं पावसाचं पाणी, चढवलेली नर्मदा आणि खाली सोडलेलं सांडपाणी. पिवळा रंग भरायच्या आधी ते लिहून काढायची सवय लावली तर तिला मी पर्यावरण शिक्षण म्हणेन.

थर चढवायचा क्रम

ही सवय लावायची एक जुनी, फार साधी पद्धत आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारे इयन मॅकहार्ग यांनी ती १९६०च्या दशकात नावारूपाला आणली. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन बेटावरून एक महामार्ग न्यायचा होता. त्यांनी पारदर्शक कागद घेतले. एकावर उतार, एकावर पाणी, एकावर माती, एकावर जंगल, एकावर लोकांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या जागा. जिथे रस्त्यानं जास्त नुकसान होईल तिथे गडद छटा, कमी होईल तिथे फिकी. मग सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले. जिथून उजेड जास्त आला तिथून रस्ता न्यायचा. आज हेच काम संगणकावर जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांचे थर हाताळणाऱ्या प्रणालीत होतं, आणि प्लॅनिंगच्या कॉलेजांत ते शिकवतातही.

तरी चूक होते ती थरांच्या क्रमात. सध्याच्या सवयीत आधी रस्ते, प्लॉट आणि मालकी यांचा थर येतो आणि पाणी-माती नंतर, उरलेल्या फटींत बसवायची गोष्ट म्हणून. मॅकहार्ग यांचा आग्रह उलटा होता : जमीन आधी काय करते आहे ते वाचा, मग तिला नवं काम सांगा.

आणि काही थर कुणी काढतच नाही. ३० मार्च २०२३ला रामनवमी होती. इंदूरच्या पटेल नगरमधल्या मंदिरात हवन चालू असताना जमीन खचली. खाली जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, होती, तिच्यावर स्लॅब टाकून जागा वापरात आणलेली. ३६ माणसं गेली. त्या दिवशी शहरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. होळकरांच्या काळातल्या अशा कितीतरी विहिरी-बावड्या आपल्या पायांखाली आहेत. त्या चालू असत्या तर पाणी साठवलं असतं, भूजल भरलं असतं. झाकल्या की त्या पोकळी होतात. एखाद्या मुलानं स्टुडिओत 'जुने जलस्रोत' एवढा एकच थर मन लावून काढला, जुने नकाशे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ताडून, तर मी त्याला पूर्ण गुण देईन.

इंदूरला येऊन गेलेला वनस्पतीशास्त्रज्ञ

शहर आखायला जीवशास्त्र शिकावं लागतं, हे इंदूरला शंभर वर्षांपूर्वी सांगून झालेलं आहे, आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे.

पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे, जन्म १८५४. डंडीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणं पुढे जमलं नाही. मग हा माणूस जीवशास्त्राचा डोळा घेऊन शहरांकडे वळला. झाडाकडे बघताना आपण मुळं, माती, ऊन, पाणी हे सगळं एकत्र बघतो. शहराकडेही तसंच बघायचं, एवढं साधं त्यांचं म्हणणं. १९१४नंतर ते भारतात आले, गावोगाव फिरले, बडोद्यासाठी अहवाल लिहिला आणि १९१८मध्ये इंदूर दरबारासाठी दोन खंडांचा अहवाल दिला. गादीवर तेव्हा तिसरे तुकोजीराव होते.

गेडिस पायी फिरत. जुन्या पेठा पाडून सरळसोट रस्ते काढायचे बेत त्यांना मान्य नव्हते. वैद्य जसा आधी नाडी बघतो तशी आधी पाहणी, मग निदान, मग कमीत कमी चिरफाड. एखादं पडकं घर काढा, वारा येऊ द्या, विहीर साफ करा, झाड लावा, पण लोकांना उठवू नका. आज स्टुडिओत 'साइट अ‍ॅनालिसिस' म्हणतात त्याचं मूळ इथे आहे.

त्या काळी शहराला प्लेगची धास्ती होती. दिवाळीला गेडिस यांनी मिरवणुकीची जबाबदारी घेतली आणि जाहीर केलं, की ज्या रस्त्यांवरची घरं जास्त स्वच्छ असतील त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल. घराघरांत झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि शहर झाडणारे सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, मानानं चालत होते. शेवटी राक्षसाचं दहन झालं. २०१७पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलेल्या शहरानं ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगायला हवी असं मला फार वाटतं. माहिती आणि सहभाग यांच्यातली दरी कशी ओलांडायची याचा तो नमुना आहे. गेडिस यांनी लोकांना रोगजंतूंवर व्याख्यान दिलं नाही. लोकांचाच सण घेतला आणि त्याची वाट बदलली.

त्या अहवालाचा मोठा भाग इंदूरला विद्यापीठ कसं असावं यावर आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. शहराचा आराखडा आणि विद्यापीठ हे दोन विषय त्यांनी एकाच कामात धरले, कारण त्यांच्या लेखी सभोवतालचा प्रदेश हीच विद्यापीठाची प्रयोगशाळा होती. १९१९मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंदूरला विद्यापीठ व्हायला १९६४ उजाडलं.

त्याच मातीत थोड्याच वर्षांत आणखी एक काम झालं. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत शेतातला काडीकचरा आणि शेण यांचं खत करायची रीत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्या कामाचं पुस्तक १९३१मध्ये निघालं त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. वाड हे नाव इंदूरच्या मराठी घरांतसुद्धा आता क्वचित ऐकू येतं. कचरा मातीकडे परतवायचा, हा विचार शहराच्या अंगात आधीपासून आहे. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी संयंत्रात आज ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत तयार होतं, ते त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल. प्लॅनिंगच्या मुलांना या दोन्ही गोष्टी परदेशातल्या उदाहरणांच्या आधी सांगायला हव्यात.

परवानगीच्या पलीकडे

"पण मावशी, पर्यावरणाची परवानगी असतेच की," भाची म्हणाली. असते. १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ही चाळणी गरजेची आहे. फक्त ती एकेक प्रकल्प चाळते. एका नाल्याच्या काठी पंधरा वर्षांत तीस लहान वसाहती आल्या आणि त्यातली एकही त्या मर्यादेला पोहोचली नाही, तर तिसांचं पाणी एकत्र मोजायची जबाबदारी त्या चाळणीत कुणाचीच नसते. पूर्ण शहराच्या विकास योजनेचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासायची सक्ती आपल्याकडे नाही. म्हणजे तिसांची बेरीज करणारा माणूस एकच उरतो, तो म्हणजे योजना आखणारा प्लॅनर. त्याला ती बेरीज शिकवली नसेल तर ती कुणीच करत नाही.

उन्हाचंही तसंच. झाडं आणि ओली जमीन जाऊन काँक्रीट आलं की ते दिवसभर तापतं आणि रात्री उष्णता सोडतं. माळव्याच्या उन्हाळी रात्रींचा गारवा एकेकाळी वाखाणला जायचा, 'शब-ए-मालवा' म्हणायचे. त्याचं पुढे काय होईल हेही एकेका गच्चीवर ठरत नाही, वस्तीच्या आखणीत ठरतं.

मग कॉलेजात काय बदलावं? मी प्लॅनिंगची शिक्षिका नाही, पण शिकवण्याचा अनुभव आहे आणि भाचीच्या मित्रमैत्रिणींशी पुष्कळ बोलले. अडचण सगळ्यांनी जवळपास एकाच शब्दांत सांगितली. स्टुडिओच्या सुरुवातीला पर्यावरणाची एक सुंदर शीट होते. उतार, झाडं, वाऱ्याची दिशा, सगळं. ती भिंतीवर लागते, तिला गुण मिळतात. मग प्रपोजलचा टप्पा येतो आणि त्या शीटकडे कुणी वळून बघत नाही. याची परीक्षा सोपी आहे. मुलाचं प्रपोजल उचला आणि मनातल्या मनात दुसऱ्या शहरात ठेवून बघा. ते तिथेही जसंच्या तसं बसत असेल, तर सगळी पाहणी वाया गेली. ज्यूरीनं, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांनी, प्रत्येकाला विचारावं : तुझ्या आखणीतली कोणती रेघ या मातीमुळे वाकली?

दुसरं, साइट व्हिजिट सहसा कोरड्या दिवसांत होते, कारण सत्राचं वेळापत्रक तसं असतं. मार्चमधला नाला बघून जुलैतली नदी कळत नाही. एक तरी फेरी भर पावसात हवी. छत्री, पट्टी आणि कॅमेरा घेऊन, पाणी कुठे थांबतं आणि कुठे धावतं ते बघायला.

तिसरं, पर्यावरणाचे शिक्षक स्टुडिओत येऊन बसायला हवेत. मातीचा जाणकार, झाडांचा जाणकार, पालिकेत ड्रेनेज लाइन टाकणारा सुपरवायझर, कचरागाडीवरची ताई. कोणत्या गल्लीत चेंबर आधी उफाळतो हे त्या ताईला कोणत्याही सॅटेलाइटपेक्षा आधी कळतं. तिला वर्गात बोलवावं आणि पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन द्यावं.

चौथ्या दिवशी भाची आजीला घेऊन साइटवर गेली. आई ८१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी हट्टानं गेली. कुठे घाटाच्या पायऱ्या होत्या, कुठे वडाचं झाड होतं, कोणत्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत एकदा पाणी चढलं होतं, ते ती काठीनं दाखवत गेली आणि पोरगी फोनवर एकेक खूण टिपत गेली. रात्री ट्रेसिंगचा नवा कागद अंथरला गेला. करडी रेघ निळी झाली, दोन्ही बाजूंना रुंद झाली आणि तिच्यावर 'सरस्वती' असं लिहिलं गेलं. निळ्याच्या कडेनं सहा लाल ठिपके आले. दोन ठिकाणी प्लॉटच्या रेघा पुसून मागे सरकवाव्या लागल्या, त्यावर गटातल्या मुलांशी फोनवर तासभर वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

लेजंडमध्ये, म्हणजे नकाशाच्या खुणांच्या यादीत, लाल ठिपक्यासमोर तिनं लिहिलंय : पुराची खूण, तोंडी माहिती, स्थानिक रहिवासी, वय ८१. त्याखालची ओळ रिकामी आहे. सत्र मे महिन्यात संपतंय, तरी पहिला मोठा पाऊस झाला की ती ओळ भरायला येईन, असं आजीला सांगून ती भोपाळच्या बसमध्ये बसली.